७५० जीईव्हीचा उंचवटा

जड कण थेट दिसत नाही. जन्मताच तो फुटतो आणि मागे उरतात तुकडे. जिनिव्हाजवळ सर्नच्या २७ किलोमीटर घेराच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉन आदळल्यावर निघणाऱ्या फोटॉनच्या जोड्या वेचल्या जातात. दोन्ही फोटॉनांची ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन यांवरून जोडीचे वस्तुमान काढतात. या वस्तुमानांचा आलेख सावकाश उतरत जातो. उतारावर उंचवटा दिसला, तर तिथे कण असू शकतो. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन १२५ जीईव्हीपाशी (जीईव्ही हे कणांचे वस्तुमान मोजायचे एकक) असाच उमटला होता.

डिसेंबर २०१५ मध्ये याच कोलायडरवरच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना ७५० जीईव्हीच्या आसपास, म्हणजे सुमारे ८०० प्रोटॉनांइतक्या वस्तुमानापाशी, जास्तीच्या जोड्या आढळल्या. अ‍ॅटलासचे आधिक्य ३ सिग्माच्या वर होते; सिग्मा म्हणजे नेहमीच्या चढउतारापेक्षा ते किती मोठे आहे याचे माप. शोध जाहीर करायला ५ सिग्मा लागतात. निव्वळ योगायोगाने तेवढे आधिक्य दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. शिवाय उंचवटा आलेखात कुठेही चालणार असेल, तर कुठेतरी तो योगायोगाने उगवणारच. शंभर दारे ढकलून पाहिली, तर एखादे उघडे सापडतेच. हा हिशेब धरला की अ‍ॅटलासचा आकडा २ सिग्माच्या आसपास घसरत होता. तरीही काही महिन्यांत सिद्धान्तकारांनी शेकडो शोधनिबंध लिहिले. जन्माआधीच बारसे उरकले म्हणायचे!

ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत कितीतरी अधिक विदा मांडली गेली आणि उंचवटा विरून गेला. तो थोड्या घटनांमधला सांख्यिकी चढउतार होता.