कोनाडा, खुंटी आणि गोधडी

इंटिरिअर डिझायनरच्या अल्बममध्ये ‘कंट्री स्टाइल’ बेडरूम हमखास असते. पांढऱ्या भिंती, न लपवलेलं लाकूड, सुती पांघरुणं, मोजकंच सामान. ही खोली इंग्लंडातल्या खेड्यातून आणायची गरज पुणेकराला खरं तर नाही. कसबा, शनिवार, सदाशिव पेठेतल्या वाड्यांत तिचे बहुतेक घटक रोजच्या वापरात होते.

मध्यमवर्गीय वाड्यात झोपण्यासाठी राखीव खोली मात्र क्वचितच असे. माजघरात दिवसा धान्य निवडलं जाई, दुपारी बायका टेकत, रात्री तिथेच अंथरुणं पडत. सकाळी वळकट्या कोपऱ्यात रचल्या, की खोली पुन्हा रिकामी. तिचा निवांतपणा या रिकामेपणातून आणि भिंतीच्या बांधणीतून येई.

ही बांधणी ठरावीक होती. घडीव दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे विटा-मातीची भिंत. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा कोरीव सागवानी दर्शनी भाग आजही रस्त्यावरून दिसतो. साध्या वाड्यांत कोरीवकाम कमी, पण सांगाडा त्याच जातीचा. भिंत दीड-दोन फूट जाड असल्याने एप्रिलचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई आणि तोवर वारा सुटलेला असे. याच जाडीत कोनाडे, दिवळ्या आणि फडताळं बसवलेली असत. दिवा, तांब्या-भांडं, पोथी ठेवायला वेगळं टेबल लागत नसे. उपरणं, पगडी, कंदील यांच्यासाठी खुंट्या होत्याच.

गंमत म्हणजे हीच युक्ती पार अमेरिकेतही सापडते. १७७४ साली इंग्लंडहून तिकडे गेलेल्या शेकर पंथाच्या लोकांनी आपल्या खोल्यांत भिंतभर लाकडी पट्टी ठोकून तिला खुंट्या लावल्या. कपडे तर सोडाच, खुर्च्यासुद्धा ते खुंटीला टांगत आणि जमीन झाडायला मोकळी ठेवत. फर्निचरची जगभरची पुस्तकं शेकरांच्या या साधेपणाचे गोडवे गातात. पेठेतली खुंटी तशी दुर्लक्षितच राहिली.

फ्लॅटमध्ये यातलं काय जमतं? कोनाडा खोदणं जमत नाही. चार-सहा इंची भिंतीत तेवढी जागा नसते, आणि आरसीसीच्या खांबाला किंवा बीमला तर छिन्नी लावायचीच नाही. त्याऐवजी पलंगाच्या उशाशी पाच-सहा इंच रुंदीची सागवानी फळी ठोकावी. पुस्तक, चष्मा, पाण्याचं भांडं एवढं तिच्यावर मावतं. तिच्याखाली चार खुंट्या लावल्या, की कपड्यांचा ढीग टाकण्यासाठी ठेवलेली खुर्ची आपोआप खोलीबाहेर जाते.

रंगाचं काम मात्र नीट समजून करावं. कळीचा चुना पाण्यात विझवून, फडक्यातून गाळून, त्यात चिमूटभर नीळ आणि पकड येण्यासाठी थोडा डिंक घालतात. ओला हात भिंतीवर जवळजवळ पारदर्शक दिसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना वाळत जातो तसतसा तो पांढरा होतो. एक हात पुरत नाही, दोन-तीन लागतात. चुना क्षारधर्मी असल्याने पावसाळ्यात अशा भिंतीवर बुरशी सहसा धरत नाही. पण ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंटवर तो टिकत नाही, आधी जुना रंग खरवडावा लागतो. चुना विझवताना तो उकळतो आणि उडतो, तेव्हा डोळे आणि हात सांभाळावेत. शिवाय टेकून बसणाऱ्याच्या पाठीला पांढरं लागणारच. त्यासाठी उशाशी लाकडी पाठ किंवा जाड कापड हवं.

खाली शहाबादी फरशी असेल तर ती उखडू नये. उन्हाळ्यात तिच्यासारखा गारवा नाही. ती चुनखडीची असल्याने ॲसिडने धुतली की तिची झिलई जाते. साधं पाणी पुरतं.

पलंगाचं गणित टेपने करावं. दहा फूट रुंदीच्या खोलीत पाच फुटी पलंग मधोमध ठेवला, तर दोन्ही बाजूंना अडीच फूट उरतात. सहा फुटी घेतला की दोन. त्यात कपाटाचं दार उघडायचं असेल तर अंग चोरूनच वावरावं लागतं.

गादी कापसाची असेल तर तिला देखभाल लागते. पावसाळ्यात ती दमट होते. म्हणून दिवाळीआधी ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर टाकायची आणि गाठी झाल्या असतील तर कापूस पिंजून घ्यायचा. वर सोलापुरी चादर आणि पायाशी गोधडी. जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी धुण्यागणिक मऊ होत जाते. खोलीत भडक रंग एवढाच पुरे.

दिव्यांची कल्पना हवी असेल तर बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार काढावी. काकासाहेब केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने उभारलेला हा संग्रह १९७५ साली राज्य सरकारला दिला. तिथले पितळी दिवे आणि कोरीव दारं पाहिली, की ज्योतीचा पिवळा उजेड लाकडावर कसा खुलत असेल याचा अंदाज येतो. घरी तो आणायला छताला दिव्यांच्या रांगा नकोत. उशाशी २७०० केल्व्हिनचा एक एलईडी बल्ब चालतो.

जुनं लाकूड पुण्यात अजून मिळतं. वाडे पाडले जातात तेव्हा खांब, तुळया, दारं विक्रीला येतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात किंवा जुन्या बाजारात चौकशी करावी. घेताना तुकडा जमिनीवर आपटून पाहावा. बारीक भुकटी गळली, तर आत कीड आहे असं समजावं. रंधा मारण्याआधी जुने खिळे शोधून काढावेत, नाहीतर सुतार पातं मोडल्याचे पैसे लावतो. वाड्याचं दार बुटकं असतं, फ्लॅटच्या सात फुटी चौकटीत ते बसत नाही. ते आडवं करून पलंगाच्या उशाला लावलं, की कडीकोयंड्यासकट त्याची लाकडी पाठ होते आणि चुन्याच्या भिंतीपासून कपडेही वाचतात.