वर्गातील साहाय्यकाची घडण

वर्गात एक शिक्षक आणि पन्नास-साठ मुले असली, म्हणजे शिक्षकाचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचतो. परंतु त्याचे लक्ष सर्वांपर्यंत पोहोचू शकत नाही. जी मुले मागे पडतात, ती बहुधा गप्पच बसतात. त्यांच्याकडे पाहण्यासाठी शिक्षकाला साहाय्यक असावा, ही कल्पना फार जुनी आहे. तमिळ प्रदेशात घराच्या ओट्यावर भरणाऱ्या ‘तिण्णै’ शाळांत वडील विद्यार्थी ‘सट्टांपिळ्ळै’ म्हणून धाकट्यांकडून पाठ करून घेई. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांतही मोठी मुले लहानांना धूळपाटीवर अक्षरे गिरवायला शिकवीत.

या कल्पनेला पद्धतीचे रूप मिळाले ते मद्रासमध्ये. १७८९ साली अँड्र्यू बेल या पाद्र्याने एग्मोर येथील, सैनिकांच्या अनाथ मुलग्यांसाठी काढलेल्या शाळेचा कारभार हाती घेतला. एका देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तोच प्रकार आपल्या शाळेत सुरू करावयाचे ठरविले. त्याच्या साहाय्यक शिक्षकांना ते मानवले नाही. तेव्हा त्याने सुमारे आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्केन या विद्यार्थ्यावर ते काम सोपविले आणि ते यशस्वी झाले. बेलने १७९७ मध्ये लंडनला या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकॅस्टरनेही अशीच पद्धत चालविली. एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले शिकू लागली.

परंतु या बालसाहाय्यकाचे स्वतःचे शिक्षण ते किती? त्याला जेवढे येई, तेवढेच तो पुढे देई. अक्षरे आणि पाढे यांपुरते हे चालले. मुलाने अनपेक्षित चूक केली, की ती का झाली हे त्याला उमगत नसे. पद्धतीचे मोठे आकर्षण तिच्या स्वस्ताईत होते आणि तिची उणीवही तेथूनच उद्भवली.

ही उणीव भरून काढण्यासाठी इंग्लंडमध्ये १८४६ पासून ‘विद्यार्थी-शिक्षक’ योजना आली. किमान तेरा वर्षांचा विद्यार्थी पाच वर्षांची उमेदवारी करी. दिवसा तो वर्गात मदत करी आणि शाळेच्या वेळेबाहेर दररोज दीड तास मुख्याध्यापक त्याला शिकवी. दरवर्षी सरकारी निरीक्षक त्याची परीक्षा घेई. त्याला पहिल्या वर्षी दहा पौंड आणि पाचव्या वर्षी वीस पौंड मिळत. मुख्याध्यापकालाही या शिकवण्याचा मोबदला मिळे. १८६२ च्या नव्या नियमांनी ही स्वतंत्र अनुदाने बंद केली आणि विद्यार्थी-शिक्षकांची संख्या घटली. शिकविणाऱ्याला शिकविण्याचा खर्च टाळला, की योजनेचा कणाच मोडतो, हे या अनुभवाने दाखविले.

आपल्या देशातील अलीकडचे उदाहरण ‘बालसखी’चे आहे. १९९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने तेथील व वडोदऱ्यातील महापालिका शाळांत ही योजना राबविली. वस्तीतीलच शालान्त शिक्षण झालेली तरुणी, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि नंतर वर्षभर मार्गदर्शन, अशी तिची मांडणी होती. तिसरी-चौथीत असूनही ज्यांना पहिली-दुसरीचे वाचन व गणित येत नव्हते, अशी पंधरा-वीस मुले बालसखी रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसे. २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा कच्च्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. उलट, वर्गात उरलेल्या मुलांची संख्या कमी होऊनही त्यांच्यात विशेष फरक पडला नाही. म्हणजे लाभ केवळ गर्दी घटल्याचा नव्हता. मूल जेथे अडले होते तेथून शिकविल्याचा होता. योजना थांबल्यावर वर्षभरात हा लाभ बराच ओसरला, हेही नोंदविणे अवश्य आहे.

इंग्लंड व वेल्समधील शाळांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये पूर्ण झाला. त्यात याच्या उलट चित्र दिसले. ज्या मुलांना साहाय्यकांची मदत अधिक मिळाली, त्यांची प्रगती त्याच पातळीवरील इतर मुलांपेक्षा कमी होती. दोष साहाय्यकांच्या तळमळीत नव्हता. शिक्षकाबरोबर पाठाची पूर्वतयारी करण्यास त्यांना वेळच मिळत नसे, आणि मुलाला समजले की नाही यापेक्षा त्याचे काम पुरे झाले की नाही याकडे त्यांचे लक्ष राही.

साहाय्यकाच्या प्रशिक्षणाचे मर्म येथेच आहे. समजा, ५२ मधून २७ वजा करताना एखाद्या मुलाने ३५ हे उत्तर लिहिले. अप्रशिक्षित साहाय्यक ते खोडून २५ लिहावयास सांगेल. वही बरोबर होईल, मूल मात्र होते तेथेच राहील. प्रशिक्षित साहाय्यिका प्रथम विचारील, “हे कसे केलेस?” तेव्हा तिच्या ध्यानात येईल, की मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. मग ती त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवील. सात काड्या काढण्यासाठी एक गठ्ठा सोडावा लागतो, हे मुलाला स्वतःच्या हातांनी कळेल. त्या दिवशीची ही अडचण ती टिपून ठेवील आणि शिक्षकाला सांगेल.

चूक वाचणे, उत्तर न देता थांबणे, नोंद ठेवणे आणि शिक्षकाशी नित्य विचारविनिमय करणे ही कौशल्ये पुस्तकी व्याख्यानांनी येत नाहीत. अनुभवी व्यक्तीच्या नजरेखाली, प्रत्यक्ष मुलांसमवेत, ती दीर्घकाळ घोटावी लागतात.

साहाय्यक म्हणजे अर्ध्या पगारातील शिक्षक नव्हे. त्याला शिक्षकाच्या जागी उभे केले, तर दोघांवरही अन्याय होतो आणि त्याची किंमत मागच्या बाकावरील मूल मोजते. निश्चित काम, पुरेसे शिक्षण आणि योग्य मोबदला त्याला मिळाला, तर त्या गप्प मुलाकडे पाहणारे कोणी तरी वर्गात असेल.