हिमकण नेमके कशाला म्हणायचे?

इंग्रजीच्या धड्यात 'स्नोफ्लेक' हा शब्द आला, की आपण 'हिमकण' असा अर्थ सांगून पुढे जातो. हिवाळ्यात हाच शब्द वर्तमानपत्रात दिसतो: महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिमकण! आणि नागपुरात गारपीट झाली, की गारा वेचणाऱ्या मुलांना वाटते, हेच ते हिमकण. या तिन्ही गोष्टी एकच आहेत का?

मराठीत हा गोंधळ होणे साहजिक आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, शून्यापर्यंत नाही. जे अंगणात पडत नाही त्यासाठी वेगवेगळे शब्द कशाला लागतील? म्हणून फारसीतून आलेला 'बर्फ' हा एकच शब्द आपण सरबतातल्या खड्यालाही वापरतो आणि हिमालयातल्या भुसभुशीत थरालाही. वर्गात मात्र फरक करावा लागतो. त्यासाठी एकच प्रश्न विचारावा: पाणी आधी द्रवरूपात होते आणि मग गोठले, की बाष्पापासून थेट स्फटिक तयार झाला?

वेण्णाकाठचे हिमकण बहुतेक वेळा गोठलेले दव असते. निरभ्र, शांत रात्री गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असतानाही पात्यावरचे दव गोठू शकते. हे आकाशातून पडलेले नसते.

गार ढगातून पडते, पण तीही मुख्यतः द्रव पाण्यापासून बनते. गडगडाटी ढगात शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. जोरदार वर चढणारी हवा गारेला तोलून धरते. असे थेंब तिच्यावर आदळून गोठतात आणि ती वाढत जाते. मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखी दुधी व पारदर्शक वलये दिसतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये अशाच गारांनी महाराष्ट्रातील गहू, हरभरा आणि फळबागा झोडपल्या.

स्नोफ्लेकचा जन्म वेगळा आहे. थंड ढगात धुळीच्या एखाद्या सूक्ष्म कणाभोवती बर्फाचा स्फटिक तयार होतो आणि बाष्पाचे रेणू थेट त्यावर बसू लागतात. बर्फात पाण्याच्या रेणूंची रचना षट्कोनी जाळीची असते, म्हणून स्फटिकही षट्कोनी होतो. त्याचे कोपरे आजूबाजूच्या बाष्पात अधिक पुढे आलेले असल्याने जलद वाढतात आणि सहा फांद्या फुटतात. असे अनेक स्फटिक एकमेकांत अडकले, की मोठा, हलका पुंजका बनतो. इंग्रजीत एकट्या स्फटिकालाही आणि पुंजक्यालाही स्नोफ्लेकच म्हणतात. 'फ्लेक' म्हणजे पापुद्रा. कॉर्नफ्लेक्समधला फ्लेक तोच. 'कण' म्हटले की डोळ्यांपुढे रवा येतो. म्हणून मला 'हिमफूल' हा शब्द अधिक जवळचा वाटतो.

षट्कोनच का, हा प्रश्न केप्लरने १६११ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत विचारला होता. अमेरिकेतील विल्सन बेंटले या शेतकऱ्याने १८८५ पासून सूक्ष्मदर्शकातून हिमफुलांची हजारो छायाचित्रे घेतली. जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि आर्द्रता बदलली की आकार बदलतो, हे त्यांनी दाखवले: उणे ५ अंशांच्या आसपास सुया, उणे १५ च्या आसपास फांद्यांची फुले. ढगातून प्रत्येक फुलाचा प्रवास वेगळा असतो, म्हणून दोन गुंतागुंतीची हिमफुले हुबेहूब सारखी सापडत नाहीत.

'प्रत्येक जण निराळा' या अर्थाने इंग्रजीत माणसालाही स्नोफ्लेक म्हणू लागले. पुढे स्वतःला फार विशेष समजणारा, जरा बोलले की दुखावणारा, असा टोमणाही त्यातून निघाला. गणितात कॉकचे हिमफूल प्रसिद्ध आहे. १९०४ मध्ये मांडलेल्या कॉकच्या वक्रापासून बनणाऱ्या या आकृतीचे क्षेत्रफळ मर्यादित, पण परिमिती अमर्याद!

मग नागपूरकरांचा हिमफुलांशी काहीच संबंध नाही? आहे. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर सुमारे ५ किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंश होते. त्यावरच्या ढगांत हिमफुले तयार होतात, खाली येताना वितळतात आणि थेंब होऊन पडतात. वितळण्याचा हा थर हवामान रडारवर ठळक पट्ट्यासारखा दिसतो. पावसाचा प्रत्येक थेंब असा बनत नाही. पण संथ, दीर्घ पावसातले पुष्कळ थेंब थोड्या वेळापूर्वी हिमफुले असतात.

वर्गात कागदाचे हिमफूल कापून घ्या. नुसत्या अर्ध्या-अर्ध्या घड्या घातल्या तर चार किंवा आठ पाकळ्या येतील. गोल कागद अर्धा दुमडा, त्याचे तीन समान भाग करून दुमडा, मग पुन्हा एकदा अर्धा. आता कापल्यावर सहा पाकळ्या मिळतील. आणि सहाच का, हे मुलांना विचारायला विसरू नका.