घरच्या साबणासाठी तेल कोणते घ्यावे?



मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी परंदवडीतल्या आम्ही बारा जणींनी मिळून घरचा साबण करायला घेतला. 25 डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवर मोठी गर्दी असते. बाबासाहेबांनी 1954 साली याच तारखेला तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथे आपणही एक टेबल लावू, बायकांच्या हाती चार पैसे येतील, असा विचार होता. शिकवायला आलेल्या बाईंनी सामानाची यादी दिली. त्यात शिया बटर होते, ऑलिव्ह तेल होते आणि बदामतेलही होते. सगळे सामान त्यांच्याकडूनच घ्यायचे. आकडा ऐकून अर्ध्या बायका उठून गेल्या. उरलेल्या म्हणाल्या, "आपण आपलं साधं तेल घेऊ की." म्हणून आम्ही पामतेल, राईस ब्रॅन, एरंडेल आणि खोबरेल घेतले. एका दिवसात दोन घाणे केले. एका घाण्यात पाकिटबंद खोबरेल होते. ते पुरले नाही, म्हणून दुसऱ्यासाठी बाजारातून सुटे आणले. ते स्वस्तही पडले.

महिन्याभराने साबण वापरायला काढला. पहिला घाणा छान होता. दुसऱ्याच्या वड्या मात्र वरून तेलकट, घाम आल्यासारख्या. आमच्यातली एक ताई चार घरची धुणीभांडी करते. तिच्या वाट्याला दुसऱ्या घाण्याची वडी आली. दोन दिवसांत तिचे हात लाल झाले, बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलली. पाच दिवस कामाला जाता आले नाही. चारपैकी एका घराने तेवढ्यात दुसरी बाई लावली. ते काम तिला परत मिळाले नाही.

सोडा एकाच वजनाचा, ढवळणारा हात एकच, दिवसही एकच. मग फरक कशाचा? थंडी वाढली तेव्हा उत्तर फडताळात सापडले. उरलेले खोबरेल दोन बाटल्यांत होते. पाकिटातले सगळे गोठून पांढरे झाले होते. सुटे तेल खाली गोठलेले आणि वर तीन बोटे पातळ. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठते. वर जे पातळ राहिले ते खोबरेल नव्हते.

असे का घडले ते समजून घेऊ, कारण स्वस्त तेल कुठे चालते आणि कुठे अंगाशी येते हे त्यातूनच कळते.

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा मेळ. सोडा पाण्यात विरघळवून तेलात ओतला की दोन्ही एकमेकांना संपवतात आणि त्यातून साबण व ग्लिसरीन तयार होते. चांगल्या साबणात सोडा शिल्लक राहत नाही, थोडे तेल राहते. मात्र प्रत्येक तेलाची सोडा खाण्याची भूक वेगळी. एक किलो खोबरेल सुमारे 183 ग्रॅम सोडा खाते. तेवढेच पामतेल 141 ग्रॅम, राईस ब्रॅन 133 आणि एरंडेल 128. पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, सोडा अजिबात खात नाही. त्याचा साबण होतच नाही. खोबरेलात ते मिसळलेले असेल तर तेवढा सोडा वडीत तसाच उरतो आणि पॅराफिन तेल होऊन बाहेर पाझरते. वडी तेलकट आणि तरी हात जळतात, याचा अर्थ हा. मिश्रण नीट ढवळले नाही तरी असे होऊ शकते, पण आमचे दोन्ही घाणे सारखेच ढवळले होते.

म्हणजे तेल शुद्ध पाहिजे ते श्रीमंती म्हणून नाही. बाटलीवर जे लिहिले तेच आत असेल तरच सोड्याचा हिशेब बरोबर येतो. साधे पामतेल खरे असेल तर ते महागड्या पण भेसळीच्या तेलापेक्षा केव्हाही चांगले.

आता एकेक तेल पाहू.

खोबरेलाने फेस भरपूर येतो आणि वडी कडक होते, खाऱ्या किंवा जड पाण्यातही. पण जास्त झाले तर कातडी कोरडी पडते. एकूण तेलात तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नका. दिवसभर पाण्यात हात असणाऱ्यांनी तर चौथ्या हिश्श्यावर थांबावे. खोबरेल महाग असते, म्हणून तर भेसळीचा मोह होतो. खाण्याचे म्हणून विकले जाणारे, अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक छापलेले सीलबंद खोबरेल घ्या. केसांचे सुगंधी तेल घेऊ नका. त्याच्या मागे बारीक अक्षरात बहुतेक वेळा लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑईल लिहिलेले असते. डोक्याला ते चालते, साबणाला नाही. घरी आणल्यावर पारदर्शक ग्लासात थोडे तेल घेऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. शुद्ध असेल तर सगळे गोठते. दुसरे तेल असेल तर त्याचा वेगळा थर दिसतो.

पामतेल आपल्याला नवे नाही. 2023 साली गुढीपाडवा आणि बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त रेशनवर जो 'आनंदाचा शिधा' आला, त्यात रवा, चणाडाळ, साखरेबरोबर एक लिटर पामतेल होते. साबणाला ते उत्तम. वडी टणक होते, लवकर झिजत नाही. घरात वनस्पती तूप पडून असेल तर तेही याच हिशेबात धरता येते. 'पामतेल म्हणजे हलके' असे मनात आणायचे कारण नाही. मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक साबणांचा पाया तेच तेल आहे.

राईस ब्रॅन म्हणजे तांदळाच्या कोंड्याचे तेल. ऑलिव्हची जागा ते चांगली भरून काढते. वडी मऊसूत होते. एरंडेलाने फेस टिकतो. ते शंभरात पाच ते दहा भागच घ्या, जास्त घातले तर वडी चिकट होते. औषधाच्या दुकानातली छोटी बाटली महाग पडते. तेलाच्या दुकानात किलोने विचारा.

सूर्यफूल आणि सोयाबीन स्वस्त आहे, पण साबणात लवकर खवट होते. वडीवर केशरी ठिपके येतात, कुबट वास येतो. आपल्या मावळच्या पावसाळ्यात तर वाळायला ठेवलेल्या वड्यांना ओल सुटते. घालायचेच तर दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. घाण्याच्या शेंगदाणा तेलाने साबण चांगला होतो, पण ते पोटात जाऊ द्या, पोरांना त्याची जास्त गरज आहे.

आणि ही बटरे. शिया बटर पश्चिम आफ्रिकेतून येते. तिथल्या बाया ते पिढ्यान्‌पिढ्या काढतात, वस्तू खरोखर चांगली आहे. पण साबणात घातले की सोडा त्याचाही साबणच करतो. मग आपण मोजलेल्या पैशातले कातडीपर्यंत किती पोचले? आपल्याकडे घाट उतरला की कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल मिळते, भिरंडेल म्हणतात त्याला. भेगाळलेल्या टाचांना जुन्या बाया तेच लावत. विदर्भात मोहाच्या बियांचे तेल आहे. तेही थंडीत थिजते, साबणाला चालते. हौस असेल तर किलोत 50 ग्रॅम पामतेल कमी करून तेवढे कोकम तेल घाला, सोडा बदलायची गरज नाही. पण आमचे मत विचाराल तर ते 50 ग्रॅम साबणात घालूच नका. रात्री टाचांना आणि बोटांना थेट चोळा, महिनाभर पुरेल.

वड्याभज्यांच्या गाड्यावरचे काळे तेल फुकट मिळते, त्याचे काय, असे एका आजींनी विचारले. तेलातली ध्रुवीय संयुगे, म्हणजे तळून तळून तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यात वापरू नये, असा नियम 2018 च्या जुलैपासून आहे. ते नाल्यात ओतण्यापेक्षा गाळून कपड्यांचा साबण करणे केव्हाही बरे. अंगाला मात्र लावायचा नाही.

आमचे एक किलो तेलाचे माप असे: खोबरेल 300 ग्रॅम, पामतेल 400, राईस ब्रॅन 200, एरंडेल 100. हिशेबाने याला 150 ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो. आम्ही मुद्दाम सात टक्के कमी, म्हणजे 140 ग्रॅम घालतो, म्हणजे थोडे तेल वडीत राहते. पाणी 320 ग्रॅम. तेल बदलले की सोडा बदलायचाच. खोबरेल महाग म्हणून ते 300 ग्रॅमही पामतेलच घातले तर लागणारा सोडा 138 वर येतो. मग 140 ग्रॅम घातला की थोडा उरतोच. सगळे वजनावर घ्या, मापट्यावर नाही. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, ते सुमारे 910 ग्रॅम भरते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा गटाने मिळून घ्यावा. शिया बटरचे पैसे वाचवून आम्ही तोच घेतला.

आता सोड्याबद्दल, इथे घाई नको. आम्ही दवाखान्यात असताना कॉस्टिक सोडा प्यायलेली लेकरे पाहिली आहेत. पाणी समजून एक घोट घेतला तरी अन्ननलिका जळते, पुढे आकसते, घास उतरत नाही. म्हणून दहा बाय दहाच्या खोलीत, पोरे इकडेतिकडे असताना हे काम करू नका. आम्ही विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत करतो आणि सोड्याचा डबा कुलपात ठेवतो. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत सोड्याचे पाणी कधीही भरू नका. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. ते उसळते. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा धातू खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. हातमोजे आणि चष्मा घाला. अंगावर उडाले तर किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा, लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. डोळ्यात गेले तर धूत धूतच दवाखाना गाठा. कोणी प्यायले तर उलटी करवू नका, चूळ भरायला लावा आणि 108 ला फोन करा.

मिश्रण पिठल्यासारखे दाट झाले, वर ढवळल्याची रेघ टिकू लागली की साच्यात ओता. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर वाळवा. साबण जिभेला लावून पाहायची पद्धत काही जणी सांगतात. ती नको. हळदीने लाल होतो का हेही पाहू नका, खरा साबण हळदीला लाल करणारच. पीएच पट्टी घ्या. 9 ते 10 ठीक. 11 च्या पुढे असेल तर ती वडी अंगाला लावायची नाही.

निंबोळीचे तेल घालून 'खरजेचा साबण' करा, असा आग्रहही होतो. साबण हे औषध नाही. खरूज असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी मलम लावा. नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

ज्यांना हा सगळा खटाटोप करायचा नाही त्यांनी विकतच्या साबणाचे वेष्टण वाचावे. अंगाच्या साबणाला भारतीय मानकात तीन प्रती आहेत. पहिल्या प्रतीत टीएफएम, म्हणजे तेलातून आलेला साबणाचा अंश, किमान 76 टक्के, दुसरीत 70, तिसरीत 60. 'बाथिंग बार' लिहिले असेल तर 40 सुद्धा चालतो. दोन रुपये स्वस्त वाटणारी वडी बरेचदा तीच असते आणि आठवड्यात विरघळते.

आणि ते 25 डिसेंबरचे टेबल? ते लागले नाही. अंगाचा साबण विकण्यासाठी करायचा तर तो कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात, अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. घरच्या वापराला काही लागत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी यातले एक अक्षर सांगितले नव्हते. आता परवान्यासाठी काय काय लागते याची चौकशी चालू आहे. तोवर साबण बारा घरांतच.

हात सोललेली ताई आता बऱ्या आहेत आणि गटात सोडा त्याच जोखतात, दुसऱ्या कोणाला काट्याला हात लावू देत नाहीत. पावसाळा संपला की पुढचा घाणा आहे. ज्यांना आपले खोबरेल तपासून घ्यायचे असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर अर्धी वाटी तेल बाटलीतून घेऊन यावे. विहाराशेजारच्या घरी फ्रिज आहे.