किल्ली सर्वांची, कुलूप मालकाचे

भूकंपाचा धक्का बसताच माणसे घराबाहेर धाव घेतात आणि घडलेली गोष्ट चार शब्दांत इतरांना कळवितात. ट्विटर या समाजमाध्यमावरील अशा संदेशांवरून भूकंपाची चाहूल लागू शकते, हे टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले. परंतु असंख्य संदेशांतून हवे तेवढेच निवडणे हे मानवी हातांचे काम नव्हे. ते संगणकावर सोपवावयाचे, तर संगणकाचा त्या सेवेशी संवाद साधला पाहिजे.

हा संवाद ‘एपीआय’ नावाच्या ठरावीक मार्गाने चालतो. ट्विटरने तो २००६ साली उपलब्ध करून दिला. कचेरीतील खिडकीसारखीच त्याची रीत आहे. अर्ज विहित नमुन्यात हवा, अर्जदाराची ओळख पटावयास हवी आणि पंधरा मिनिटांत ठरावीक अर्जच स्वीकारले जाणार.

हे सोपस्कार प्रत्येकाने मुळापासून लिहीत बसणे म्हणजे श्रमांचा अपव्यय होय. तो वाचविण्यासाठी पायथन या संगणकभाषेत ‘ट्वीपी’ ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, निर्माण झाला. गुप्त किल्लीच्या आधारे ओळख पटविणे, उत्तरे पानामागून पान मागविणे आणि मर्यादा संपल्यास, तशी सूचना दिलेली असल्यास, थांबून राहणे ही कामे ती पार पाडते.

ट्वीपी मुक्त स्रोत आहे. तिची आज्ञावली कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी व इतरांस द्यावी, अशी मुभा एमआयटी परवान्याने दिली आहे. मूळ हक्कसूचना व परवान्याचा मजकूर कायम ठेवणे एवढीच तिची प्रमुख अट.

मग अडचण कोठे आली? जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरने पात्र संशोधकांना दरमहा एक कोटी संदेश विनामूल्य मिळविण्याची सोय केली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनामूल्य प्रवेश बंद करण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी ती सोय संपुष्टात आली. नव्या मूलभूत योजनेत दरमहा शंभर डॉलर भरून केवळ दहा हजार संदेश वाचता येऊ लागले. ट्वीपीचे एक अक्षरही कोणी काढून घेतले नव्हते. तरीही अनेक अभ्यासकांचे काम थांबले. किल्ली सर्वांची असली, तरी कुलूप मालकाचेच होते.

यावर एक वेगळी वाट आहे. २०१६ साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉनमध्ये किल्लीच नव्हे, तर सेवेची आज्ञावलीही मुक्त आहे आणि कोणतीही संस्था आपला सर्व्हर चालवू शकते. तेथेही प्रत्येक सर्व्हरचे नियम असतात. मात्र एका मालकाच्या निर्णयाने सर्व दारे एकाच वेळी बंद होत नाहीत.

यास्तव लोकोपयोगी काम अशा साधनांवर उभारताना केवळ साधन मुक्त आहे की नाही, एवढेच पाहून भागणार नाही. ज्या माहितीसाठी ते वापरावयाचे, तिचे दार कोणाच्या हाती आहे, हेही आधी विचारले पाहिजे.