शर्टामागचे चार सेंटिमीटर

१८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्या थांबल्या. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांत लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम करणारे आमचे आबाही होते. तो संप रीतसर असा मागे घेतलाच गेला नाही. आबा वाट पाहून कोल्हापूरकडच्या आमच्या गावी परतले. त्याच १९८२ साली इचलकरंजीत दत्ताजीराव कदमांच्या नावाची वस्त्रोद्योगाची शिक्षणसंस्था सुरू झाली. तीन वर्षांनी मी तिथं प्रवेश घेतला, तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "ज्या धंद्यानं आपल्याला रस्त्यावर आणलं, त्याचंच शिक्षण घेतोस व्हय?"

प्रश्न पैशाचा होता आणि रास्त होता. त्याचं उत्तर शोधण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली.

खरं तर हे शिक्षण सुरू झालं तेच पैशाच्या गणितातून. मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्यांत यंत्रं लँकेशायरची आणि ती चालवणारे मास्तरही तिकडचेच. साहेबाचा पगार गिरणीमालकाला जड जायचा. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था निघाली, पुढे ती माटुंग्याला गेली, आणि तिथून शिकलेली इथली मुलं खात्यांतून मास्तर होऊ लागली. मास्तर आत आला की साचे सोडून सगळं गप्प व्हायचं, असं आबा सांगत. पदवीची ती पत त्यांनी लांबून पाहिली होती.

माझ्या वाट्याला आली तेव्हा ती बरीच उतरली होती. १९८९मध्ये एका सूतगिरणीत मला १,६०० रुपयांवर घेतलं. स्थापत्य शिकलेला गावचा मित्र माझ्यापेक्षा जास्त कमवत होता. माझ्या वर्गातल्या काहींनी मात्र नोकरी शोधलीच नाही. त्यांच्या घरी माग होते. मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांवर, ठरते, पण पिकामागे सूत किती, सायझिंगला, म्हणजे सुताला खळ द्यायला, किती, वाया किती, याचा हिशोब त्यांचे वडील अंदाजानं करायचे. ही मुलं कागदावर करू लागली. १९९९ साली केंद्र सरकारची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आली, कर्जाच्या व्याजात सवलत मिळू लागली, तेव्हा कोणता शटललेस, म्हणजे बिनधोट्याचा, माग घ्यायचा आणि कोणता टाळायचा, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या पदवीची किंमत पगारपत्रकावर कधी दिसली नाही, पण त्यांच्या शेडमध्ये ती दिसते.

दरम्यान कापडाच्या दुसऱ्या टोकाला वेगळंच काही घडत होतं. १९८६ साली दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, उभी राहिली. न्यूयॉर्कच्या फॅशन संस्थेची तिला मदत होती. १९९५मध्ये ती मुंबईत आली. आपल्याकडे तेव्हा लोक हसले. शिवणक्लासला पदवी कशाला, असा सूर होता. पण १ जानेवारी २००५ला जागतिक कापड व्यापारातले कोटे उठले आणि निर्यातदारांना माणसं लागली: नमुना वेळेत पाठवणारी, परदेशी खरेदीदाराशी भावावर बोलणारी, कारखान्यात उभं राहून काम करून घेणारी. मीही तोवर गिरणी सोडून मुंबईत एका निर्यातदाराकडे मर्चंडायझर झालो होतो.

तिथं एक दिवस एका शर्टाचं कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशोब, आमच्यापुढे आलं. ऑर्डर १०,००० नगांची. भाव बसत नव्हता. फॅशन शिकलेल्या एका मुलीनं मार्कर, म्हणजे कापडावर तुकडे कसे बसवायचे त्याचा आराखडा, टेबलावर पसरला. बाहीचा तुकडा किंचित फिरवला, योकची जागा बदलली. शर्टामागे चार सेंटिमीटर कापड वाचलं. मी खिशातलं पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, काढून कापडावर ठेवलं, सुईच्या टोकानं इंचातले उभे-आडवे धागे मोजले. पुरवठादारानं सांगितल्यापेक्षा पिक कमी भरले, म्हणून त्याच्याकडून भाव पाडून घेता आला. चार सेंटिमीटर गुणिले दहा हजार, म्हणजे चारशे मीटर. मीटरला २०० रुपये धरले तरी ८०,००० रुपये, एका ऑर्डरमागे. त्या मुलीच्या चित्रवहीचं कौतुक सगळेच करत. पगार वाढला तो त्या मार्करमुळे.

आता पुतणीची गोष्ट. २०१६ साली ती एका खासगी महाविद्यालयातून फॅशन डिझाइनची पदवी घेऊन बाहेर पडली. आधी तीन महिने बिनपगारी उमेदवारी, मग महिना १८,००० रुपये. शिक्षणाला दहा लाखांचं कर्ज होतं. दहा टक्के व्याजानं दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता तेरा हजारांवर जातो. उरलेल्या पाच हजारांत मुंबईत कोण राहील? हप्ता दोन वर्षं माझ्या भावानं भरला. २०२०मध्ये परदेशी ब्रँडांनी टाळेबंदीत ऑर्डरी रद्द केल्या आणि तिची नोकरी गेली. मग ती कॉस्टिंग आणि सोर्सिंग शिकली, तिरुपूरला वर्षभर कारखान्यात राहिली. आज ती बंगळुरूत आहे आणि हप्ता स्वतः भरते.

चाळीस वर्षांत मला दिसलं ते असं. या पदवीनं श्रीमंत झालेले थोडे, आणि त्यांच्यापाशी बहुधा घरचं भांडवल किंवा स्वतःचं नाव होतं. बाकीच्यांना तिनं पोटापुरतं दिलं. मात्र ज्यांना कापड नुसतं दिसतं त्यांच्यापेक्षा ज्यांना ते मोजता येतं, त्यांना अधिक. पदवी कापडाची असो की कपड्याची, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणून मुलीला, मुलाला या वाटेनं पाठवणाऱ्या आईबापांना एवढंच सांगणं: माहितीपुस्तिकेतले रॅम्पचे फोटो बाजूला ठेवा. चार वर्षांत किती महिने कारखान्यात काढायचे आहेत, ते विचारा. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या पाच मुलांना गाठून पहिला पगार विचारा. त्यातून कर्जाचा हप्ता आणि खोलीभाडं वजा करा. हातात काही उरत असेल, तरच सही करा.