फांगण्याच्या आजीबाईंची शाळा

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात महिला मंडळांची आणि बचत गटांची कामे पुष्कळ चालतात. परंतु मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी, जागतिक महिला दिनी, जे कार्य आरंभिले गेले, त्याला तोड मला अन्यत्र दिसलेली नाही. ज्यांनी जन्मभर सरकारी दस्तऐवजावर ‘निशाणी डावा अंगठा’ एवढीच आपली ओळख नोंदविली, अशा साठी ते नव्वदीच्या सुमारे 30 आजीबाई, जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेच्या साहाय्याने, गुलाबी लुगडे नेसून, खांद्याला दप्तर अडकवून, घरकाम आटोपल्यावर दुपारी पाटीवर मुळाक्षरे गिरवू लागल्या. शिकविणारी गावचीच सून, आणि विद्यार्थिनींत तिची सासू! पोथी आपली आपल्याला वाचता यावी, ही इच्छा या साऱ्याच्या मुळाशी होती.

3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, मग संक्रांतीची हळदीकुंकवे आणि 8 मार्चला आजीबाईंच्या या शाळेचा वर्धापनदिन येतो. भगिनींनो, यंदाच्या वाणात पाटी-पेन्सिल लुटावी आणि मंडळाच्या हजेरीपटावर प्रत्येकीची सही घ्यावी, ही माझी आग्रहाची विनंती.